हत्तीच्या पायाचे प्लास्टर

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दरवर्षी आपल्यापुढे उभा राहून जमा आणि खर्च यांविषयी बोलतो. आजही एका खर्चाविषयीच बोलणार आहे. मात्र तो इतका लहान आहे की पत्रकात त्याला स्वतंत्र ओळसुद्धा मिळालेली नाही. ‘किरकोळ खर्च’ या शीर्षकाखाली तो सामावून गेला आहे. तो खर्च आहे लोकरीचा.

आपल्या बालरुग्ण कक्षात दाखल होणाऱ्या मुलाला लोकरीने विणलेला वीतभर उंचीचा एक प्राणी भेट दिला जातो, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. पागोटे बांधलेला हत्ती, नऊवारी नेसलेली खार, कोळ्याची टोपी घातलेले मांजर, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला ससा. आपल्याकडे पूर्वी लग्नाच्या रुखवतात अशा हौसेच्या वस्तू मांडल्या जात. तीच हौस काही भगिनींनी रुग्णालयात आणली. त्यांत निवृत्त शिक्षिका आहेत, गृहिणी आहेत, येथे बऱ्या होऊन गेलेल्या मुलांच्या आज्या आहेत. एका प्राण्याला सुमारे पन्नास ग्रॅम लोकर आणि कपड्यांसह सात-आठ तासांचे काम लागते. लोकर आपल्या हिशेबात येते. ते तास कोणत्याही पत्रकात येत नाहीत.

प्रारंभी आमच्याकडून एक चूक झाली आणि तिची जबाबदारी प्रशासक म्हणून माझी होती. पहिल्या खेपेच्या प्राण्यांना डोळ्यांच्या जागी काळे मणी शिवलेले होते. ते फार सुंदर दिसत. मी कोणालाही न विचारता ते वाटावयास परवानगी दिली. दोनच दिवसांनी कक्षातील मावशींना एका दोन वर्षांच्या मुलीच्या मुठीत सुटलेला मणी आढळला. तो तिने तोंडात घातला नव्हता, एवढे आपले सर्वांचे सुदैव. त्याच दिवशी सर्व प्राणी परत घेतले आणि मेट्रनबाईंनी नियम लिहून काढले. डोळे, नाक, तोंड दोऱ्यानेच भरावयाचे. मणी, बटण, तार, टिकली काही नाही. आत कापूस न भरता कृत्रिम तंतू भरावयाचा, कारण कापूस धुतल्यावर गोळा होतो आणि लवकर वाळत नाही. सुया नेहमीपेक्षा बारीक घ्यावयाच्या, म्हणजे वीण घट्ट होते आणि भरण बाहेर डोकावत नाही. प्राणी धुऊन, पूर्ण वाळवून, पिशवीत घालून द्यावयाचा. आणि एकदा एका मुलाला दिलेला प्राणी दुसऱ्याला द्यावयाचा नाही.

हे नियम झाल्यावर आता सर्व ठीक आहे, अशी माझी समजूत झाली. ती एका हत्तीने दूर केली.

मांडीचे हाड मोडलेला सहा वर्षांचा एक मुलगा आपल्याकडे दाखल होता. त्याला सोबती म्हणून आमच्या गटातील सर्वांत ज्येष्ठ आजींनी पायाला पांढरे प्लास्टर घातलेला हत्ती विणून दिला. काही आठवड्यांनी मुलाचे प्लास्टर निघाले. त्या दिवशी आजी बाह्यरुग्ण विभागात होत्या. मुलाने हत्ती त्यांच्यापुढे धरला आणि विचारले, “आजी, माझं निघालं. ह्याचं कधी काढणार?”

आजी गप्प झाल्या. प्लास्टर निघणारे नव्हते. श्रम वाचावेत म्हणून त्यांनी करडा पाय विणलाच नव्हता. त्या जागी सरळ पांढरी लोकर घेतली होती. प्लास्टरच्या आत पायच नव्हता.

त्या मुलाला काहीतरी गोड बोलून वाटेस लावता आले असते. खरे सांगतो, मी तेच केले असते. आजींनी मात्र त्याच्या वडिलांना थांबण्याची विनंती केली, बाकावर बसून पांढरा भाग एकेक ओळ उसवला, उरलेले टाके सुयांवर उचलले आणि करड्या लोकरीने पाय विणावयास घेतला. घरची लोकर संपली होती, म्हणून पिशवीतली थोडी गडद छटेची घ्यावी लागली. पाय भरून, टाके बंद करून हत्ती मुलाच्या हाती देईपर्यंत त्यांची गावाकडची एस.टी. निघून गेली. वडिलांनी तक्रार केली नाही. मुलाने हत्तीला बाकावर चारही पायांवर उभे करून पाहिले आणि मगच तो निघाला.

त्या दिवसापासून आमच्या नियमांत आणखी एकाची भर पडली. अंग आधी पूर्ण विणावयाचे, कपडे नंतर. सदरा, साडी, पागोटे, प्लास्टर, पट्टी, सर्व काही अंगापेक्षा दोन-तीन टाक्यांनी सैल, निराळे विणलेले आणि मुलाच्या बोटांना काढता-घालता येईल असे. खाली जे असावयास हवे ते असलेच पाहिजे, मग ते कोणी पाहो अथवा न पाहो.

हत्तीवरून आणखी एका हत्तीची आठवण होते. जर्मनीतील गिंगेन या गावी १८४७ साली जन्मलेल्या मार्गारेट श्टाइफ यांना बालपणीच पोलिओ झाला. पाय गेले, उजवा हात दुबळा झाला. तरीही त्या शिवण शिकल्या. १८८० साली त्यांनी टाचण्या टोचून ठेवण्यासाठी नमद्याचा लहानसा हत्ती शिवला. मुलांनी तो खेळावयास घेतला आणि त्यातून खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. आज तेथील जुने प्राणी संग्राहक जपून ठेवतात. पण त्याआधी मुलांनी त्या हत्तीला टाचण्यांपासून सोडवले होते, हे विसरता येत नाही.

संग्राहकांचा प्रश्न आपल्यापुढेही आला. वार्षिक विक्रीत काही पाहुण्यांनी सबंध संच मागितला आणि उत्तम किंमत देऊ केली. कक्षासाठीचे प्राणीही विकून ती रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत घालावी, असे मीच सुचवले. आकडे माझ्या बाजूने होते. आजी एवढेच म्हणाल्या, “साहेब, कपाटातल्या हत्तीला पाय नसला तरी चालतं.” माझा प्रस्ताव मी मागे घेतला.

आता दोन नोंदवह्या आहेत. पहिलीत शोभेचे प्राणी असतात. त्यांना तारेचा चष्मा, चिमुकली बटणे, मण्यांची नथ असते. त्यांवर ‘लहान मुलांसाठी नाही’ अशी चिठ्ठी असते, ते विकले जातात आणि त्यांचे उत्पन्न निधीत जमा होते. दुसरीतील प्राणी विकले जात नाहीत. ते मुलांबरोबर घरी जातात, मळतात, हरवतात. लोकरीच्या प्राण्याने आजार बरा होतो, असा दावा आम्ही करत नाही. बरे करणे हे डॉक्टर, परिचारिका आणि औषधे यांचे काम आहे. भूल देण्यासाठी नेताना मुलाच्या हातात ओळखीचे काहीतरी असावे, एवढाच आमचा हेतू आहे.

देणगीदारांनो, प्राप्तिकरातील सवलत पैशाच्या देणगीला मिळते. हातांच्या कामाला मिळत नाही. म्हणून या भगिनींना देण्यासाठी माझ्याकडे पावती नाही. त्यांचे ऋण मी येथे सर्वांसमक्ष नोंदवतो. आपण दिलेल्या पैशाविषयी मात्र एक आश्वासन देऊ शकतो. या अहवालात इमारतीची, यंत्रांची छायाचित्रे आपण पाहाल. त्यांच्या खाली काय आहे, हे विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. आपण कधीही या, वह्या उघडा आणि पाहा. पाय तेथे असेल. क्वचित छटा थोडी निराळी असेल. पण पाय असेल.