कागद कोणाचा, घर कोणाचे?

(बंगळूरमधील घरखरेदी व भाडेपट्ट्याच्या प्रश्नांवरील व्याख्यानाचा मजकूर)



बंगळूर शहरात घराचा प्रश्न कारखान्यांच्या पाठोपाठ आला. १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत विमानांचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये टेलिफोनचा, १९५३ मध्ये एच. एम. टी.चा आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यांच्या मागोमाग हजारो कामगार-कर्मचारी कुटुंबे या शहरात आली. कारखान्यांच्या वसाहती साऱ्यांना पुरणाऱ्या नव्हत्या. मोठ्या उद्योगाची वाढ आणि घरांची टंचाई या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत, हे एंगेल्सने १८७२ च्या आपल्या लेखमालेत दाखवून दिले होते. बंगळूरने त्याचा पडताळा दिला. पुढे घड्याळांचा कारखाना बंद पडला, संगणक-उद्योग आला, जमिनीचे भाव कामगाराच्या आवाक्याबाहेर गेले. बदलला नाही तो एकच प्रश्न : पैसे मोजले, कबजा घेतला, मग घर आपले झाले की नाही?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. साठेखताने मालकी येत नाही. ते केवळ विक्रीचे वचन असते. कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र बांधून ‘विक्री’ करण्याची जी चाल दलालांनी देशभर रूढ केली, तिने मालकी मिळत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. तरीही हा गठ्ठा विकला जातो, कारण तो स्वस्त पडतो. आणि स्वस्त घ्यावे लागते ते कोणाला, हे सांगण्याची गरज नाही.

बंगळूरच्या कडेला ‘रेव्हेन्यू साइट’ नावाची जी वस्तू मिळते, ती म्हणजे बिनशेती परवानगी न घेता पाडलेले शेतजमिनीचे तुकडे होत. १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खालील ही परवानगी नसली म्हणजे मंजूर आराखडा नाही, आणि आराखडा नाही म्हणून पालिकेच्या दप्तरी नोंद झालीच तर ती ‘बी खाता’ म्हणून. मराठी माणसाला खाते म्हटले की मालकी आठवते, जसा सातबारा म्हटला की शेत आठवते. परंतु खाता ही कर कोणी भरावयाचा याची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २००७ मध्ये बृहत् महानगरपालिका झाली, २०२५ मध्ये तिच्या जागी ग्रेटर बंगळूर प्राधिकरण आणि पाच महापालिका आल्या. दप्तरे बदलली, पण खात्याचे हे स्वरूप बदलले नाही.

याच कडेच्या गावांत आणखी एक प्रश्न दडलेला असतो. सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना दिलेल्या जमिनी परवानगीवाचून घेता येत नाहीत, असे १९७८ चा कर्नाटकाचा कायदा सांगतो. असा व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाऊ शकते. २०२३ च्या दुरुस्तीने त्यासाठीची कालमर्यादेची आडकाठीही काढली. घर बांधून बसलेल्या कामगाराला हा कायदा जाचक वाटेल. पण पहिली फसवणूक त्या भूमिहीन कुटुंबाची झालेली असते आणि दोघांच्या मधला पैसा दलालाच्या खिशात गेलेला असतो. तेव्हा राग कोणावर काढावयाचा, याचे भान ठेवले पाहिजे.

सरकारी भूखंड मिळाला तरी मालकी लगेच येत नाही. १९७६ च्या कायद्याखालील बंगळूर विकास प्राधिकरण १९८४ च्या वाटप नियमांनुसार भूखंड देताना ‘भाडेपट्टा-सह-विक्री’ करार करते. त्याची मुदत दहा वर्षांची. तोवर वाटपधारक पट्टेदारच असतो. अटी पाळल्या तर पुढे खरेदीखत होते. अशा पट्टेदाराकडून कुलमुखत्यारपत्रावर भूखंड ‘घेणारा’ जे देणाऱ्याजवळ नाही तेच विकत घेतो. सहकाराचेही कवच पुरेसे नाही : एच. एम. टी. गृहनिर्माण सहकारी संस्थेसाठी केलेले भूसंपादन १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही, कारण त्यामागे मध्यस्थाशी केलेला व्यवहार उघड झाला.

आता सर्वांत जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे वळू. बंगळूरमध्ये ‘लीज’ म्हणजे बहुधा दरमहा भाड्याचा करार नव्हे. कन्नडमध्ये त्याला ‘भोग्य’ म्हणतात. भाडेकरू काही लाख रुपये एकरकमी मालकाला देतो, दोन-तीन वर्षे भाड्यावाचून राहतो आणि निघताना पूर्ण रक्कम परत घेतो. ज्याच्या हाती निवृत्तीची रक्कम किंवा बायकोचे दागिने मोडून आलेला पैसा आहे, त्याला हे सोयीचे वाटते. मालकाला तर बिनव्याजी भांडवल मिळते. हिशेब एवढाच असता तर तक्रार नव्हती. पण भाडेकरूची आयुष्यभराची शिल्लक अनेकदा अकरा महिन्यांच्या, नोंदणी न केलेल्या एका कागदावर उभी असते आणि त्याच घराचे मूळ दस्त बँकेच्या तिजोरीत पडलेले असतात.

मालकाचे हप्ते थकले की बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देते आणि पुढे दंडाधिकाऱ्याच्या मदतीने घर ताब्यात घेते. भाडेकरूला ही बातमी दारावर चिकटवलेल्या कागदावरून कळते. गहाणानंतर दिलेल्या भाडेपट्ट्याला कलम ६५-अ च्या अटी लागू होतात : घराचा पट्टा तीन वर्षांपेक्षा जास्त नसावा आणि एकरकमी अधिमूल्य किंवा आगाऊ भाडे घेतलेले नसावे. भोग्याचा सारा व्यवहारच आगाऊ रकमेवर उभा असल्यामुळे बँकेच्या वकिलाला फार डोके खाजवावे लागत नाही. शिवाय वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीशिवाय होत नाही, आणि नोंदणी नसलेल्या भाडेकरूला या कायद्यापुढे एक वर्षापलीकडे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे.

म्हणून रक्कम देण्यापूर्वी मूळ दस्त पाहावेत, झेरॉक्सवर समाधान मानू नये. उपनिबंधकाच्या कार्यालयातून बोजा प्रमाणपत्र काढावे. व्यवहार आढळल्यास ते नमुना १५ मध्ये आणि न आढळल्यास नमुना १६ मध्ये मिळते. मात्र दस्त बँकेत ठेवून केलेले गहाण त्यात दिसेलच असे नाही. त्यासाठी तारणांची केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या ‘सेरसाई’कडे शुल्क भरून शोध घेता येतो. मालक कर्ज मान्य करीत असेल तर बँकेची लेखी संमती मागावी. आणि शक्य असेल तेथे भाडेपट्ट्याऐवजी ताबेगहाणाचे नोंदणीकृत खत करावे, कारण त्यात रक्कम परत मिळेपर्यंत ताबा राखण्याचा हक्क कायद्याने मिळतो. मुद्रांक शुल्काचे निमित्त सांगून मालक ते टाळतो. ज्या घरावर बँकेचे गहाण आधीच आहे, तेथे मात्र हे खतही बँकेच्या मागेच उभे राहते.

नोटीस दारावर लागलीच असेल तर मालकाच्या आश्वासनांवर दिवस घालवू नयेत. २०१६ च्या दुरुस्तीनंतर भाडेकरूही कर्जवसुली न्यायाधिकरणात आपला हक्क मांडू शकतो. अर्जाची मुदत बँकेच्या कारवाईपासून पंचेचाळीस दिवसांची आहे. करार, बँकेतून रक्कम दिल्याची नोंद, वीजबिले, राहत असल्याचे पुरावे सोबत न्यावेत. तेथे यश आले नाही तर भोग्याची रक्कम मागण्याचा दावा उरतो तो मालकाविरुद्ध, आणि तो दिवाणी न्यायालयात.