विणत नसलेली विणकर म्हातारी

ऑस्लोहून बर्गेनला जाणारी रेल्वे वाटेत फिन्से नावाच्या स्टेशनावर थांबते. उंची १,२२२ मीटर. त्या मार्गावरचं सगळ्यात उंच स्टेशन. तिथवर मोटारीचा रस्ता जात नाही. समोर हार्डांगरयोकुलेन हे बर्फाचं अफाट पठार. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटातला बर्फाळ ग्रह याच परिसरात १९७९ साली चित्रित झाला, यावरून जागा किती ओसाड आहे याचा अंदाज यावा. या पठारावरून मिटदाल्सब्रेन ही हिमनदी खाली उतरते. ती वितळत मागे सरकते आहे. बर्फ हटलं की खाली रेती, गोटे आणि चिखल. झाड सोडाच, गवताची काडी नाही.

उघडी होऊन जेमतेम काही वर्षं झालेल्या या जमिनीवर एक आठ पायांचा, वाटाण्याहून लहान अंगाचा जीव आरामात हिंडताना सापडतो. त्याचं आयुष्य वर्ष-दोन वर्षांपलीकडे जात नाही. पण त्याच्या अंगातल्या कार्बनचं वय मोजलं, तर ते शेकडो वर्षांचं भरतं.

हे कोडं सोडवायचं तर आधी या प्राण्याची ओळख करून घ्यायला हवी. इंग्रजीत त्याला 'हार्वेस्टमन' म्हणतात, कारण युरोपात तो सुगीच्या दिवसांत शेताबांधावर भरपूर दिसतो. डॅनिश लोक त्याला कापणी करणारा म्हणतात. आपल्याकडे आठ पाय दिसले की सगळे कोळीच. म्हणून या व्याख्यानापुरतं त्याला 'सुगीवाला' म्हणू. नॉर्वेजियन नाव मात्र फार गमतीचं आहे: 'वेव्हशेरिंग', म्हणजे विणकर म्हातारी. गंमत अशी की ही म्हातारी आयुष्यात एक धागाही विणत नाही. तिच्याकडे रेशीमच नाही.

सुगीवाला कोळ्यांचा लांबचा नातेवाईक, पण कोळी नव्हे. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग आणि मध्ये बारीक कंबर. सुगीवाल्याचं सगळं अंग एकसंध, जणू आठ काड्यांवर ठेवलेला एक दाणा. बहुतेकांच्या पाठीवर छोटासा उंचवटा असतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन डोळे. विष नाही. 'हा जगातला सर्वांत विषारी कोळी, फक्त दात छोटे म्हणून चावत नाही' ही पाश्चात्त्य देशांत घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट निव्वळ थाप आहे. आपल्या घराच्या कोपऱ्यात जळमटं करून उलटा लटकणारा लांब पायांचा प्राणी हाही सुगीवाला नव्हे. तो खराखुरा कोळी.

कोळी भक्ष्याचा रस करून पितो, सुगीवाला मात्र तुकडे तोडून खातो. लहान किडे, माइट, गोगलगायी, मेलेले प्राणी, कशालाच नाही म्हणत नाही. पायांची दुसरी जोडी सर्वांत लांब. तिचा उपयोग चालण्यापेक्षा चाचपण्यासाठी, आंधळ्याच्या काठीसारखा. शत्रूने पाय पकडला तर तो पाय तोडून निघून जातो, आणि तुटलेला पाय मागे तडफडत राहतो. शत्रू त्या पायाकडे बघत बसतो.

जगात सुगीवाल्यांच्या साडेसहा हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. त्यांच्या गणाला 'ओपिलिओनिस' हे नाव १८३३ साली स्वीडनच्या सुंदेव्हाल यांनी दिलं. लॅटिनमध्ये ओपिलिओ म्हणजे मेंढपाळ. एवढ्या हजारो जातींपैकी नॉर्वेच्या वाट्याला येतात फक्त विसाच्या आसपास. कारण उघड आहे. बहुतेक सुगीवाल्यांना ओलावा आणि ऊब हवी, आणि नॉर्वे काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत बर्फाखाली गाडलेला होता. आज तिथे असलेला प्रत्येक सुगीवाला बर्फ हटल्यावर बाहेरून आलेला आहे.

आणि तो आला चालत! हे नीट लक्षात घेण्यासारखं आहे. कोळ्याची पिल्लं रेशमाचा धागा हवेत सोडून वाऱ्यावर उडत जातात, समुद्र ओलांडतात. सुगीवाल्याला ती सोय नाही. एक तर पायी जायचं, नाही तर माणसाच्या मालातून, मातीतून, गवताच्या भाऱ्यातून फुकट प्रवास करायचा. म्हणून त्यांच्या जातींचा नकाशा पाहिला की नॉर्वेच्या हवेचा आणि माणसांच्या ये-जा करण्याचा इतिहासच समोर येतो.

नेमास्टोमा या वंशातल्या दोन बहिणी घ्या. दोघी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या, काळ्याकुट्ट, पाठीवर दोन चंदेरी ठिपके. नेमास्टोमा लुगुब्रे राहते पूर्वेला, ऑस्लोच्या बाजूला. नेमास्टोमा बायमॅक्युलाटम पश्चिम किनाऱ्यावर. बर्गेनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ मुंबईच्या तोडीचा, फक्त तो चार महिन्यांत न कोसळता वर्षभर रिपरिपत राहतो. ऑस्लोला याच्या निम्म्याहूनही कमी. पश्चिमेची हवा हिवाळ्यातही सौम्य, पूर्वेची कडक थंडीची. बायमॅक्युलाटम ही अटलांटिकच्या ओल्या वाऱ्याची जात: ब्रिटन, नॉर्वेचा पश्चिम किनारा, फॅरो बेटं, आइसलँड. पाऊस मोजण्याचं यंत्र नसतं तरी या दोन ठिपकेवाल्या बहिणींना शोधत गेलं असतं तर हवामानाची सीमारेषा बरीचशी आखता आली असती.

दुसरी गोष्ट भिंतींची. ओपिलिओ पारिएटिनस ही जात उत्तरेकडे घरांच्या, गोठ्यांच्या भिंतींवर पूर्वापार राहायची. मग दक्षिणेकडून, आल्प्स-इटलीच्या बाजूने, तिचीच चुलत जात ओपिलिओ कानेस्ट्रिनी पसरू लागली. गेल्या काही दशकांत ती मध्य युरोप ओलांडून स्कँडिनेव्हियात पोहोचली, आणि जिथे ती आली तिथे जुनी पारिएटिनस विरळ होत गेली. वाड्यातल्या जुन्या भाडेकरूला नव्याने हळूहळू बाहेर काढावं, तसं. या घुसखोरीची दखल घेणारे मोजकेच लोक, कारण सुगीवाल्यांसाठी कोणी आंदोलन करत नाही.

पण सगळ्यांत चिवट जात म्हणजे मायटोपस मोरिओ. लिनिअसचा शिष्य, डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ फाब्रिसिउस १७७८ साली नॉर्वेत फिरला आणि १७७९ साली त्याचं प्रवासवर्णन छापून आलं. या जातीचं नामकरण त्याच साली त्याच्या हातून झालं. लॅटिनमध्ये 'मोरिओ'चा एक अर्थ विदूषक, खुळा. खुळा असेल, पण दक्षिणेच्या शेतांपासून उत्तरेच्या फिनमार्कपर्यंत आणि जंगल संपतं त्याच्याही वर उघड्या डोंगरमाथ्यांवर तो आहे. अंग सात-आठ मिलिमीटरचं, पाठीवर गडद खोगिरासारखा पट्टा. शरद ऋतूत मादी मातीत अंडी घालते, थंडी पडली की प्रौढ मरून जातात, आणि हिवाळा काढतात ती फक्त अंडी. उन्हाळा तोकडा असेल तिथे वाढ लांबते. नेमास्टोमाचं तसं नाही. त्या पालापाचोळ्याखाली, शेवाळात दडून जिवंतपणीच हिवाळा काढतात.

तर फिन्सेच्या चिखलावर हिंडणारा प्राणी म्हणजे हाच मायटोपस. आता ते कोडं. वनस्पती नाहीत, म्हणजे वनस्पती खाणारे किडे नाहीत. मग शिकारी आधी कसा आला? शाळेत शिकवलेला क्रम असा: आधी शेवाळ, मग गवत, मग गवत खाणारे, आणि शेवटी त्यांना खाणारे. इथे शेवटचा पाहुणा सगळ्यांत आधी येऊन पंगतीला बसलेला! वाऱ्यावर उडत येणारे किडे त्याला अन्न म्हणून मिळत असतील, असं बराच काळ मानलं जाई.

नॉर्वेचे सिगमुंड होगवार आणि मिकाएल ओल्सोन यांनी २०१३ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये वेगळं उत्तर मांडलं. वितळत्या हिमनदीतून सुमारे २१,००० वर्षांपूर्वीचा सेंद्रिय कार्बन बाहेर पडतो, म्हणजे शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं तेव्हाचा. तो बर्फाच्या पुढ्यातल्या डबक्यांत उतरतो. डबक्यांत चिलटांसारख्या माश्यांच्या अळ्या असतात. त्या तो खातात. अळ्यांच्या माश्या होतात, पाण्याबाहेर येतात. ताज्या कार्बनासोबत हा जुना कार्बनही अंगात मिसळल्याने या माश्यांचं कार्बनी वय भरलं १,०४० वर्षं. त्यांना खाणारे कोळी, भुंगे आणि आपला सुगीवाला यांचं ३४० ते १,१०० वर्षं. रेडिओकार्बन पद्धत प्राण्याचा जन्म मोजत नाही, त्याच्या अंगातला कार्बन हवेपासून कधी तुटला ते मोजते. म्हणून जिवंत, चालत्या प्राण्याला हे वय चिकटलं. असाच प्राणी उद्या मातीत गाडलेला सापडला आणि कोणी त्याचं वय काढलं, तर उत्तर अकराशे वर्षांपर्यंत चुकू शकेल. या दोघांनी त्याहून मोठा प्रश्नही विचारला: जिथे हिमयुगाची शिल्लक आधीच ताटात वाढलेली आहे, तिथल्या जीवसृष्टीला 'पाटी कोरी असताना झालेली सुरुवात' म्हणायचं का? प्रस्तुत वक्त्याच्या मते, म्हणू नये. ती उसनवारीवर झालेली सुरुवात आहे, आणि सावकार आहे बर्फ.

सुगीवाले सह्याद्रीतही आहेत. पावसाळ्यात ओलसर कपारींत, झऱ्याजवळच्या कातळावर लांब पायांचा, एकसंध अंगाचा प्राणी दिसला, तर आधी कंबर आहे का ते पाहा, जाळं आहे का ते पाहा. दोन्ही नसतील तर तो त्याच गणातला. फोटो काढा, पण पाय धरून उचलू नका. मोठ्या सुगीवाल्याचा तुटलेला पाय पुन्हा उगवत नाही.