तालमीतली मेहनत आणि उन्हाचा खुराक



जत्रांचे दिवस जवळ आले की गावोगावच्या तालमी घुमू लागतात. पहाटे चारला उठायचे, जोर-बैठका काढायच्या, हौद्यात लढती करायच्या आणि संध्याकाळी पुन्हा तेच. वर दूध, तूप, बदामाची थंडाई. एवढे करूनही एखादा पोरगा दिवसेंदिवस उतरतच जातो. लोक म्हणतात, "मेहनत कमी पडतेय." पोरगा मेहनत वाढवतो, आणि आणखी उतरतो. असे का होते, ते आज पाहू.

आपल्या शरीरातल्या काही ग्रंथी रक्तात जे रस सोडतात, त्यांना संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात. पहिलवानाच्या दृष्टीने त्यांतली दोन फार महत्त्वाची. टेस्टोस्टेरॉन हा स्नायू बांधणारा गवंडी, तर कॉर्टिसॉल हा अडीअडचणीला कणगीतले धान्य काढून देणारा कारभारी. दोघेही हवेतच. जोराची मेहनत केली की दोन्ही वाढतात. पण टेस्टोस्टेरॉनची ही वाढ तासाभरात ओसरते. स्नायूचे खरे बांधकाम होते ते मेहनतीनंतर, पोटभर जेवणावर आणि गाढ झोपेत.

झोपेचे महत्त्व किती, बघा. शिकागो विद्यापीठात १० निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले. मग रात्री बारापर्यंत जागून चारला उठणाऱ्या पोराचे काय होत असेल? त्यात खाणे अपुरे आणि महिनोन्महिने विसावा नाही, तर गवंडी थकतो आणि कणगी रिकामी होत जाते. झोप उडते, भूक मंदावते, सकाळी अंथरुणातच नाडी नेहमीपेक्षा जलद चालते. मुलींची पाळी थांबते. शिक्षक मित्रांनो, ही लक्षणे आळसाची नव्हेत. अशा मुलाला ओरडू नका, विसावा द्या. मुलीला डॉक्टरांकडे न्यायला घरच्यांना सांगा.

आता दुसरी बाजू, ड जीवनसत्त्वाची. १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम या शास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिले. पण ते वागते संप्रेरकासारखेच. ऊन लागले की कातडीत ते तयार होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचे रूप देतात. मग ते अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडांसाठी शोषून घेते. स्नायूंनाही ते लागते. गंमत अशी की, दूध-बदामांत ते जवळजवळ नसतेच. तालीम पडली जाड भिंतींची, उजेड बेताचा; मेहनत उरकते ती सूर्य वर येण्याआधी. म्हणजे अंगाने दणकट पहिलवान उन्हाच्या बाबतीत उपाशी राहू शकतो.

"मग ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या की ताकद वाढेल ना?" असे तुम्ही विचाराल. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात हे तपासून पाहिले गेले. २०११ सालच्या प्रयोगात ड जीवनसत्त्वाची तूट असलेल्या स्थूल पुरुषांना वर्षभर ते दिले, तेव्हा त्यांचे टेस्टोस्टेरॉन सुमारे पाव हिश्शाने वाढले. लोक हरखले. पण त्याच शहरात २०१७ साली, ज्यांचे टेस्टोस्टेरॉन मुळात ठीक होते अशा पुरुषांना ते बारा आठवडे दिले, तर काहीच फरक पडला नाही. सार एवढेच की, तूट असेल तर ती भरावी. भरल्या रांजणात आणखी पाणी ओतून ते बाहेरच सांडते. इथे तर नुसते सांडत नाही, अपायही करते. साठ हजार युनिटांची पुडी डॉक्टर बहुधा आठवड्याला एक देतात. ती मनानेच रोज घेतली, तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडतात. ताकदीच्या इंजेक्शनांची तर गोष्टच सोडा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की शरीरातला गवंडी काम टाकून बसतो.

तेव्हा करायचे काय? कोवळे ऊन अंगाला सुखाचे खरे, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण त्यात फार थोडे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडेल, तेव्हाचे ऊन उपयोगाचे. अशा उन्हात उघड्या अंगाने वीस-तीस मिनिटे, आठवड्यातून तीन-चारदा बसावे. भर वैशाखात मात्र बेताने. काचेआडचे ऊन चालत नाही, कारण ते किरण काच अडवते. आठवड्यातून एक दिवस मेहनतीला सुट्टी द्यावी. रात्री सात-आठ तास झोपावे. हाडे दुखत असतील, तर रक्त तपासूनच औषध घ्यावे.

शेतकरी बंधूंना हे नवे नाही. एकामागून एक पिके घेत गेलो तर जमीन थकते, हे आपण जाणतो. मग ती उन्हात तापू देतो, पडीक ठेवतो, आणि पुढच्या साली तीच भरभरून देते. पोरांच्या अंगालाही तेवढी उसंत द्या.