खालची दिशा



पंचशील ही विहारातली बाब, दारू न पिणे किंवा खोटे न बोलणे ही ज्याची त्याची खाजगी शुचिता; अर्थव्यवहाराशी तिचा संबंध काय, असा समज पुरोगामी वर्तुळातही रूढ आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त वाचल्यावर तो टिकत नाही.

राजगृहाचा सिगाल हा गृहस्थपुत्र दिवंगत वडिलांच्या इच्छेनुसार रोज पहाटे ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करी. बुद्धांनी नमस्कार मोडला नाही, दिशांचा अर्थ पालटला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे गुरू. पश्चिमेला बायकामुले, उत्तरेला स्नेही, वर श्रमण-ब्राह्मण आणि खाली दास व कामकरी. या खालच्या दिशेचा नमस्कार कसा करावा? कुवत पाहून काम सांगावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोडात वाटा द्यावा, वेळोवेळी सुट्टी द्यावी. म्हणजे आजच्या कामगार संघटनेच्या मागणीपत्रातील निम्मी कलमे येथे आलीच!

याच सुत्तात दास्य गृहीत आहे, धन्याआधी उठून धन्यानंतर निजणारा नोकरही आहे. तेवढा भाग आजच्या कामगाराने शिरोधार्य मानण्याचे कारण नाही. परंतु जे दिले गेले नाही ते न घेणे, हे दुसरे शील या दिशेला लावून पाहावे. मोबदल्याविना घेतलेला तास हाही न दिलेलाच ठरतो. मार्क्स निराळ्या वाटेने याच हिशेबापाशी आला. चक्कवत्तिसीहनाद सुत्त तर राजालाही सोडत नाही: निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढले आणि दारिद्र्यातून चोरी, असा क्रम तेथे सांगितला आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती केवळ धर्मांतरितांसाठी, असे मानून इतरांना सुटका नाही. मोर्चात आठ तासांच्या दिवसाची घोषणा देणाऱ्याच्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंना आठवड्याची सुट्टी आहे काय? घरकामगारांच्या कल्याण मंडळासाठी महाराष्ट्राने २००८ साली कायदा केला. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने साप्ताहिक विश्रांतीचा करार संमत केला. उंबरठ्याच्या आत मात्र बाई तापाने दोन दिवस आल्या नाहीत की पगार कापला जातो, आणि कापणारा हात पुष्कळदा चळवळीतलाच असतो. शाखेच्या पुढच्या बैठकीत पहिला अर्धा तास या हिशेबाला द्यावा. ठराव मागाहून करता येतील.