विहिरीच्या उबेचा हिशोब



मी कॉम्प्युटरवर बोलेन असं संयोजकांना वाटलं असेल. पण मला एक जुनी चूक दुरुस्त करायची आहे.

नववीतलं विज्ञान प्रदर्शन आठवतंय? 'थंडीत विहिरीचं पाणी कोमट का?' हा तक्ता माझा होता. पृथ्वीच्या पोटातल्या आगीमुळे, असं मी ठणकावून सांगितलं. पुरावा काय, तर पालीच्या सहलीत पाहिलेली उन्हेऱ्याची गरम कुंडं! एक मैत्रीण म्हणाली, "अगं, ही उन्हाचीच ऊब असणार. उन्हाळ्यात तेच पाणी गार लागतं की!" मी तिला सगळ्यांसमोर हसले. बक्षीस मला मिळालं.

गेल्या वर्षी मुलीला भूगोल शिकवताना सहज आकडे मांडले आणि गप्पच झाले. एक किलोमीटर खोल गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. आपली विहीर १० मीटरची. म्हणजे फरक पाव अंशाचा! पृथ्वीच्या पोटात हजारो अंशांची उष्णता आहे, पण मधला खडक ती फार सावकाश वर सोडतो. आपल्या वर्गखोलीएवढ्या जागेतून वर येते जेमतेम तीन-चार वॅट. त्यावर झिरोचा बल्बही धड पेटणार नाही. पृथ्वीची सरासरी धरली, तर तेवढ्याच जागेच्या वाट्याला सूर्याचे दहा-अकरा हजार वॅट येतात, तेही रात्र आणि ढग धरून.

मग पाणी कोमट का? उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार मातीत मुरता मुरता विरतो. आठ-दहा मीटरांवर उरते वर्षाची सरासरी, आपल्याकडे २५ अंशांच्या आसपास. मुळशीच्या थंडीतल्या पहाटे ती कोमट वाटते, मे महिन्यात गार.

उन्हेऱ्याची गोष्ट मात्र निराळी. तिथे पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल उतरतं, तापतं आणि निवायच्या आत वर येतं. ती खरीच पृथ्वीची ऊब. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा मात्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालाय. त्याचा यात काही हात नाही.

ती मैत्रीण आज समोर बसली आहे. नाव घेत नाही, ती लाजेल. बक्षिसाची कंपासपेटी मी जपून ठेवली होती, आज घेऊन आले आहे. ये गं, घेऊन जा. आत कर्कटक नाही, तेवढं हरवलंय.