दारचा गादीवाफा



शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा आपला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. विहिरीत पाणी असूनही भाजीला चालत नाही. काळी जमीन पावसात चिखलते, उन्हाळ्यात भेगाळते. आम्ही आधी सपाट वाफे केले. श्रावणाच्या झडीत मेथी सडून गेली. मग गादीवाफे घातले: रुंदी १ मीटर, उंची वीतभर, मातीत कुजलेलं शेणखत. जादा पाणी निथळलं, मुळं वाचली. खारं पाणी दिलं की क्षार वर साचतात, म्हणून छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यात साठवलं, वाफ्यावर कुटार पसरलं. भर उन्हाळ्यात मात्र वाफे मोकळे ठेवतो.

आपल्यातल्या पुष्कळांना शेत नाही, पण दारापुढे हातभर जागा आहे. मायमाउल्यांनो, यंदा एक तरी वाफा घाला. लेकरांच्या ताटात हिरवी भाजी आलीच पाहिजे.