चालता चालता बंद पडणारी जुनी डिझेल गाडी



सोयाबीनचे कट्टे भरून गाडी अहमदपूरहून लातूरच्या आडत बाजाराकडे निघते. चार-सहा कोस बरी चालते. मग ओढ कमी होते, इंजिन आचके देतं आणि बंद पडतं. पंधरा-वीस मिनिटं थांबलं, की काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू होते. मिस्त्रीकडे नेली तर तिथे एकदाही बंद पडत नाही! शेवटी पंप खोलण्याचा सल्ला मिळतो, खर्च होतो आणि पुढच्या खेपेला गाडी पुन्हा रस्त्यात उभी.

आजचं बोलणं साध्या, यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांबद्दल आहे. १९८६ साली आलेली टाटा ४०७ आणि तिच्या वेळचे ट्रक या जातीचे. जुन्या ट्रॅक्टरलाही यातलं बहुतेक लागू पडतं. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत डिझेलचा दाब फार मोठा असतो; त्यांच्या नळ्या घरी ढिल्या करू नयेत.

आधी एक जपा. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत थांबते. पहिले एक-दोन ब्रेक लागतात, नंतर पायाला जोर पडतो. म्हणून चढावर गाडी बंद पडली तर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, चाकाला दगड लावा आणि मालावर बसलेल्या माणसांना खाली उतरवा.

आता दोषाकडे वळू. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या गरम हवेतच डिझेल पेटतं. एकदा सुरू झालेल्या अशा इंजिनाला बॅटरीची गरज राहत नाही. म्हणून बॅटरी बदलून हा रोग सहसा जात नाही. मात्र इंजिन कसं बंद पडलं ते नीट आठवा. कळ दाबावी तसं एकदम बंद पडलं असेल, तर स्टॉप केबल अडकते का पाहा. बंद करण्याची कळ विजेवर चालत असेल तर तिची वायर ढिली आहे का तेही पाहा. आचके देत, हळूहळू बंद पडलं असेल तर डिझेल पुरत नाही, किंवा डिझेलबरोबर हवा येते आहे. तापमानाचा काटा चढून इंजिन जड होत थांबलं असेल तर गोष्ट वेगळी. ते थंड होईपर्यंत सुरूच करू नका.

डिझेल कमी पडतंय असं दिसलं की सुरुवात टाकीपासून करा. गाडी बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. झाकण हरवलं म्हणून पॉलिथिनची पिशवी घट्ट बांधणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि मला विचाराल तर निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. पिशवीने हवा कोंडते, चिंधीने टाकीत कचरा जातो. हा कचरा चालत्या गाडीत ओढनळीच्या तोंडावर चिकटतो आणि गाडी थांबली की खाली बसतो. म्हणूनच थोड्या विश्रांतीने गाडी 'बरी' होते.

टाकी भरलेली असताना गाडी चालते आणि अर्धी झाली की बंद पडते, असं असेल तर टाकीतली ओढनळी वरच्या बाजूला चिरली आहे का पाहा.

हवा घेणारी जागा सापडणं सर्वांत अवघड. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. त्यामुळे तिथल्या भेगेतून चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं! कडक झालेला रबरी पाइप, पोकळ बोल्टाखालचे वापरून दबलेले तांब्याचे वॉशर, फिल्टरचं रबर, हे आधी बदला. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारा. फेस आला तर हवा आहे.

तरीही उलगडा झाला नाही तर मिस्त्रीकडून डब्याची परीक्षा करून घ्या. पाच लिटरचा स्वच्छ डबा पंपापेक्षा उंच, सायलेन्सरपासून दूर, पक्का बांधायचा. त्यातून वेगळी नळी फीड पंपाला जोडायची आणि माल भरून गाडी चालवायची. परतीचं डिझेल जुन्या टाकीत जातं, म्हणून डबा लवकर रिकामा होतो, लक्ष ठेवा. गाडी बंद पडली नाही तर दोष टाकी, झाकण किंवा नळीत, फार तर फीड पंपाची ओढ कमी. तरीही पडली तर फिल्टर बदला, फीड पंप तपासा, आणि मोठा पंप सर्वांत शेवटी खोला.

पावसाळ्यात उघड्यावरच्या बॅरलमधून डिझेलात पाणी जातं. सकाळी गाडी सुरू करण्याआधी फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून तळाचं पाणी काढा. रात्री टाकी भरून ठेवली तर आत दव धरत नाही.

डिझेल नळीने तोंडाने ओढू नका. ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करवू नका, तडक दवाखान्यात न्या.

मिस्त्रीकडे जाताना चार गोष्टी वहीत लिहून न्या: किती चालल्यावर बंद पडली, टाकीत डिझेल किती होतं, चढ होता की सपाट, आणि पुन्हा आपोआप सुरू झाली की हवा काढावी लागली.